पट्टी धरणारी

बुधवार, ६ तारीख

प्रिय कंडक्टरबाई,

अनेक आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण माणसं कुरकुरतात तर गुडघ्यानंच काय घोडं मारलंय? तुझा खोकला गेला का? दुकानात त्या एसीच्या तोंडाशी बसू नकोस म्हणून सांगून सांगून माझी जीभ झिजली. दुसऱ्यांना चष्मे देतेस, पण स्वतःला समोरचं दिसत नाही तुला.

पत्र बघून दचकू नकोस. सगळे धडधाकट आहेत. खरं तर फोनच करणार होते. दोनदा केलाही, पण पलीकडून तू “बोला, ड्रायव्हरसाहेब” म्हणालीस की माझं अवसान गळतं आणि मी अंड्यांचा भाव विचारून फोन ठेवते. तुलाही वाटलं असेल, म्हातारीला अंड्यांची एवढी काय काळजी. म्हणून म्हटलं, लिहावं. कागद मध्ये बोलत नाही.

एक गोष्ट सांगायची आहे. रविवारबद्दलच आहे. मुलगा म्हणाला, “आई, तूच सांग तिला. मी सांगायला गेलो तर वेगळाच अर्थ निघेल.” म्हणजे मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचं काम घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या उंदराकडे आलं. सांगते. आधी ब्रेडचं सांगते, नाहीतर राहून जाईल.

सोमवारी तू नसताना एकटीनंच ब्रेड करायला घेतला. तुझ्या पद्धतीनं, पीठ आधी नुसतं पाण्यात भिजवून ठेवलं, मग यीस्ट, मग मीठ. मळलंही मन लावून. गोळा असा गुळगुळीत झाला की कुणाला तरी बोलावून दाखवावासा वाटला. ओल्या फडक्याखाली झाकून इस्त्रीच्या टेबलाजवळ ठेवला, तिथे ऊब असते. छान फुगत होता. आता ओव्हन तापवायचा, तेवढ्यात दाराची बेल वाजली. ती आली होती. कपाटं मोजायला.

याच महिन्यात ती, त्याची नवी बायको, इथेच राहायला येणार, हे तुला मुलानं कळवलंच आहे म्हणे. लग्न नोंदवून झालं, तेही कळवलं म्हणाला. कळवण्यात तो पहिल्यापासून हुशार.

तर ती टेप घेऊन आली. माझ्यासारख्या जन्मभर कपडे शिवलेल्या बाईसमोर टेप धरायची म्हणजे धाडसच. उलटीच धरली होती! मी सरळ करून दिली. माणूस वाईट नाही गं. पोहायला शिकवते, त्यामुळे आवाज मोठा आहे, घरात बोलली तरी तलावाच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाईल. मोजता मोजता स्वयंपाकघरात आली आणि खिडकीशेजारी तू लावलेला डोळे तपासायचा तक्ता बघून थबकली. “कुणाचे डोळे खराब आहेत का?” म्हणाली. मी म्हटलं, “माझे.” आता तिला काय सांगू, की आम्ही दोघी पास्त्याची पट्टी त्या तक्त्यासमोर धरतो आणि पिठाच्या आरपार वरचं मोठं अक्षर दिसलं की पास्ता लाटायच्या मशीनचा सहा नंबर, म्हणजे हवी तेवढी पातळ, झाली असं समजतो? वेड्यांच्या इस्पितळाला फोन लावला असता तिनं.

कपाटं मोजून होईपर्यंत गोळा फुगून फुगून खाली बसला. तसाच भाजला. तुझ्या पहिल्या ब्रेडची आठवण आली, ज्याला मुलानं “दाराला टेकू म्हणून लावायला बरा” म्हटलं होतं आणि तू तो खरंच आठवडाभर बाल्कनीच्या दाराला लावून ठेवला होतास. तुमचं तेव्हा बरं चाललं होतं. भांड्याला भांडं लागलं की आवाज तरी होतो, तुमचं तर आवाजसुद्धा न होता संपलं. मला कळलं तेव्हा घटस्फोटावर तुमच्या सह्या झाल्या होत्या.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी तू दारात उभी राहिलीस आणि “काकू” म्हणालीस. मी ओ दिली नाही. “काकू कोण? इथे कुणी काकू राहत नाही,” म्हटलं. तू म्हणालीस, “मग काय म्हणू? आई म्हणायला आता मी तुमची कोण?” मशीन टेबलाला लावलेलं होतं, हँडल माझ्या हातात होतं. तू पर्स ठेवलीस, पलीकडे जाऊन पट्टी धरायला हात पुढे केलास आणि म्हणालीस, “ठीक आहे. तुम्ही ड्रायव्हर, मी कंडक्टर. टिंग टिंग, जाऊ द्या!” आणि गाडी सुटली. ती आजवर दर रविवारी सुटते आहे. मुलगा तेवढा वेळ बाहेर जातो आणि संध्याकाळी येऊन फ्रीजमधला आपला वाटा मात्र निमूटपणे खातो. तोंड बघायचं नाही, पण हातचं चालतं!

बघ, मी कुठल्या कुठे गेले. पान संपत आलं, आणि दुसरं घ्यायला उठायचं तर गुडघा आहेच. तेव्हा मुख्य गोष्ट अशी की रविवारी... रविवारी येताना जाड रव्याचं एक पाकीट आण. घरातला संपला.

तब्येत सांभाळ.

तुझी,
ड्रायव्हर


सोमवार, ११ तारीख

प्रिय कंडक्टर,

आशीर्वाद. आज खुशाली विचारायला तोंड नाही.

तू काल गेल्यापासून मी मनात एकच गोष्ट घोळवते आहे. मी लिहायला बसले होते, “आता रविवारी येऊ नकोस,” आणि लिहिलं, “रवा आण.” यावर कुणाचा विश्वास बसेल? पत्र पेटीत टाकून घरी परत येताना लक्षात आलं. मागे फिरून पेटीच्या तोंडात हात घालून बघितला, शपथ. मनगटापर्यंतच जातो. मग वाटलं, शनिवारी फोन करू. शनिवारी वाटलं, रविवारी सकाळी करू. टाळायचंच म्हटलं की माणसाला वार पुरत नाहीत.

मुलाला वाटलं, मी सांगितलं. त्यानं विचारलं होतं, “कळवलंस ना?” मी म्हटलं, “पत्र टाकलं.” तेही खरंच होतं. म्हणून तो तिला घेऊन आला. “आई, तुझं ते रविवारचं हिलाही शिकव,” म्हणाला. तिच्या चेहऱ्यावर एवढा उत्साह होता की मला नाही म्हणवेना. पीठ मळून झालं, मशीन लावलं, आणि बेल वाजली.

दारात तू उभी, हातात रव्याचं पाकीट. तुला माझ्या खांद्यावरून आतलं सगळं दिसलं. टेबल, मशीन, आणि तुझ्या जागेवर पिठानं माखलेले तिचे हात. माझा चेहराही तू वाचला असशील, तुझा धंदाच डोळ्यांचा.

तुझ्या जागी दुसरी असती तर तमाशा केला असता, निदान पाकीट माझ्या पायांवर आपटून निघून गेली असती. तू आत पाऊल टाकलंस आणि तिला म्हणालीस, “काकूंनी रवा मागवला होता, तो द्यायला आले.”

काकूंनी.

आणि मी म्हटलं, “हो. ये.” ओ दिली मी! ज्या हाकेला मी त्या दिवशी दारात ओ दिली नव्हती, तिला काल मुकाट्यानं ओ दिली, कारण त्यात माझी सोय होती.

तिनं तुला ओळखलं नाही. तुझे फोटो त्यानं कधीच माळ्यावर टाकलेत. ती आपली भाबडेपणानं म्हणाली, “या ना, बसा. घर तुमचंच समजा.” तुला! त्या घरात! मुलगा तेवढ्यात बाल्कनीत गेला आणि कुंड्यांना पाणी घालायला लागला. खालच्या मजल्यावरून ओरडा येईपर्यंत घालत होता. तिथल्या दोन रोपट्यांनी आता मान टाकली आहे. ज्यांचा काही संबंध नव्हता तीच बिचारी बुडाली.

मला वाटलं, तू आता जाशील. तू गेली नाहीस. तू बघत होतीस. ती पट्टी चिमटीत धरून ओढत होती आणि पट्टी फाटत होती, मळक्या चिंधीसारखी टेबलावर पडत होती. मी काही बोलत नव्हते. का, ते खरं सांगू? ती चुकतेय याचं मला बरं वाटत होतं. ते तुझ्या नजरेतून सुटलं नसणार.

तू सिंकपाशी जाऊन हात धुतलेस, पदराशी खेळ नाही, घड्याळाकडे बघणं नाही. तिच्या मागे उभी राहिलीस. “चिमटीत नाही. तळवा उघडा ठेवायचा,” म्हणालीस. “ओढायची नाही, ती आपणहून येते. तुम्ही फक्त खाली हात द्यायचा.” ती हसून म्हणाली, “पोहणाऱ्याला पहिल्यांदा असाच पोटाखाली हात देतो आम्ही.” तू म्हणालीस, “मग तुम्हाला येईलच.” तिचा हात तू आपल्या हातात घेतलास आणि मला म्हणालीस, “टिंग टिंग, जाऊ द्या.” सवयीनंच निघालं ते तुझ्या तोंडून. मी हँडल फिरवलं. पट्टी आली. तिच्या तळव्यावर सरळ, एकसंध उतरली. तिसरीला, चौथीला तू हात काढून घेतलास आणि सहा नंबरला तिला तक्त्यासमोर उभी केलीस. “दिसतंय? वरचं अक्षर?” ती केवढ्यानं ओरडली, “दिसतंय!” मग पट्ट्या कापून माझ्या जुन्या पॅन्टच्या हँगरांवर कशा वाळत घालायच्या तेही दाखवलंस, एकात एक न चिकटवता.

आपली जागा अशी हातात हात धरून दुसरीला कुणी शिकवतं का गं? मी चाळीस वर्षं शिवणाच्या दुकानात कारागीर तयार केले, पण स्वतःची खुर्ची द्यायची वेळ आली तेव्हा कात्र्या लपवून ठेवल्या होत्या.

निघताना ती म्हणाली, “पुढच्या रविवारी पण या ना. मला अजून नीट जमत नाही.” तू चपला घालत होतीस. खाली बघूनच म्हणालीस, “रविवारी मला दुकानात काम असतं.” मग माझ्याकडे बघून, “येते, काकू.”

चष्म्यांचं दुकान रविवारी बंद असतं. मला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे. जे वाक्य मला कागदावरसुद्धा लिहिता येईना, ते तू माझ्या तोंडातून काढून घेतलंस आणि स्वतःच्या नावावर केलंस. मला एवढंच करायचं होतं, “रविवारी कसलं गं दुकान?” असं विचारायचं होतं. मी काय म्हटलं? “बरं.”

“बरं” म्हटलं मी. दार लावलं. तुझी पावलं जिन्यावर ऐकू येत होती, पहिल्या मजल्यापाशी थोडी थांबली. मला वाटलं, परत येतेस. मग खालचं दार वाजलं.

जेवायला वाढताना हात चुकला आणि तुझा वाटा काढला गेला. आजवर त्याचा वाटा झाकून फ्रीजमध्ये ठेवायचे, काल तुझा ठेवला. आज दुपारी मीच गरम करून घेतला आणि परत झाकून ठेवला. रवा तसाच कट्ट्यावर आहे, मी पाकीट फोडलेलं नाही.

काय लिहून संपवू समजत नाही.

तुझी,
मी


सोमवार, २५ तारीख

प्रिय कंडक्टर,

अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. फोन मीही केला नाही. तू उचलला नसतास तर वाईट वाटलं असतं, आणि “बोला, काकू” म्हणाली असतीस तर त्याहून.

ती सामानासकट राहायला आली. घर भरलंय, आवाजही खूप झालाय. तक्ता मुलगा काढायला निघाला होता, पण तिनं काढू दिला नाही. “मग पट्टी कशी तपासणार?” म्हणाली. त्यानं हात मागे घेतला. ब्रेड ती माझ्याहून चांगला मळते, खांद्यांत जोर आहे. खोटं कशाला बोलू.

काल सकाळी तिनं मशीन लावलं, पलीकडे उभी राहिली, तळवा उघडा धरला, अगदी तू दाखवलास तसा. आणि मोठ्यानं म्हणाली, “टिंग टिंग, जाऊ द्या!”

तिला वाटतं, ते पास्ता करण्याचाच भाग आहे. पीठ, अंडी, टिंग टिंग.

माझ्याच्यानं हँडल फिरेना. पट्टी रोलरमध्ये अर्धी जाऊन अडकली. तिनं विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, हात दुखतोय. ती लगेच मलम घेऊन आली आणि माझ्या हाताला चोळायला लागली. धडधाकट हात गं, काही झालेलं नव्हतं त्याला. तिची बोटं जोरकस आहेत आणि मायाळू आहेत. चोळता चोळता म्हणाली, “त्या रवावाल्या ताईंना बोलवा ना एकदा. त्या होत्या तेव्हा तुमचा हात बरा चालत होता.”

मग मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. तू कोण, दर रविवारी का यायचीस, मी पत्रात काय लिहायला बसले आणि काय लिहिलं. बाल्कनीत तो का पाणी घालत होता तेही. मला वाटलं, ही आता चिडेल, रडेल, नवऱ्याला जाब विचारेल. तो जाब तिनं नंतर विचारला, आतल्या खोलीतून ऐकू आलं, तो आवाज ऐकू न येणं शक्यच नाही. पण आधी तिनं माझा हात तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, “आणि तुम्ही त्यांना नुसतं जाऊ दिलंत?”

तिच्या आवाजाला पहिल्यांदाच चढ नव्हता. हो. नुसतं जाऊ दिलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या कपड्यांतली उसवण लांबून ओळखली, आणि माझ्या दारात काय उसवत होतं ते हातात सुईदोरा असून बघत राहिले.

तुला रविवारी ये असं मी म्हणणार नाही. ती म्हणते, बोलवा. पण त्या टेबलाशी आता तू पाहुणी होशील, आणि पाहुणी म्हणून तुला चहा देण्याची माझ्यात ताकद नाही. तुझी ती जागा गेली, कंडक्टर. ती तू दिलीस आणि मी देऊ दिली. तिचं काही परत होणार नाही.

पण परवा बुधवारी मी तुझ्या दुकानात येणार आहे. माझा चष्मा चांगला आहे, नंबर वाढलेला नाही, तुला आधीच सांगून ठेवते. तरी मी त्या खुर्चीत बसेन, तू तक्ता दाखव, मी वरचं मोठं अक्षर वाचेन. गिऱ्हाइकं असतील तर रांगेत थांबेन. पिशवीत ब्रेड असेल, या खेपेला मी दाराची बेल वाजली तरी उठले नाही, चांगला फुगलाय.

आणि लोकांसमोर तुला जे सोयीचं असेल तेच म्हण. काकू म्हणालीस तरी ओ देईन.

तुझी,
ड्रायव्हर